पाइपची तंबाखू आवडणाऱ्या नवख्याने सिगार कसा निवडावा?

पश्चिमवारा

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो आणि काही वर्षांपासून पाइप ओढतो. व्हर्जिनिया आणि पेरिक यांची दाबून कापलेली तंबाखू ही माझी नेहमीची. थंडी सुरू झाली की लटाकिया असलेली इंग्रजी धाटणीची मिश्रणे मला जवळची वाटतात, आणि घरी चार माणसे जमली असतील तर व्हॅनिलाचा गंध दिलेली काळी कॅव्हेंडिश मी मुद्दाम काढतो, कारण तिचा वास बसलेल्या सगळ्यांनाच आवडतो.

अलीकडे कार्यालयातील एका मित्राने आग्रहाने मला निकाराग्वाचे दोन सिगार दिले. दोन्ही जाड आणि गडद रंगाचे होते. त्यांची बांधणी उत्तम होती आणि राख घट्ट पडत होती, परंतु चवीत मला मिरी, ओले लाकूड आणि शेवटी शेवटी कडवटपणा एवढेच जाणवले. व्हर्जिनियातील वाळल्या गवताची आणि मनुक्याची गोडी त्यांत कुठेच नव्हती, लटाकियाचा धुरकट सुगंध तर नव्हताच.

पाइपमध्ये जे मला आवडते ते सिगारमध्ये मिळू शकते का, आणि मिळत असेल तर ते कोणत्या पानात आणि कोणत्या आकारात शोधावे, असा माझा प्रश्न आहे. पाइप ओढणारा माणूस आला की दुकानदार हमखास सुगंधी सिगारांच्या कपाटाकडे नेतात. तो मार्ग धरावा की टाळावा, हेही जाणकारांनी सांगावे. एका सिगारसाठी दहा-बारा डॉलरपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे.

जुनाटिन

पश्चिमवारा, आपण तीन प्रकारच्या तंबाखूंची नावे घेतलीत, परंतु त्या तिन्हींची गोडी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते, आणि सिगार निवडताना हा भेद सर्वांत उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे.

व्हर्जिनियाची गोडी पानाची स्वतःची असते. हे पान बंद कोठीत, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर काही दिवसांतच वाळवले जाते. त्या थोड्या काळात पानातील पिष्टाची साखर होते आणि ती खर्च होण्याआधीच पान वाळून जाते, म्हणून साखर पानातच राहते. सिगारचे पान याच्या उलट वाटेने जाते. ते हवेशीर कोठारात आठवडेच्या आठवडे टांगून ठेवतात. तेवढ्या काळात पान हळूहळू मरते आणि मरता मरता आपली साखर वापरून टाकते. जे थोडे उरते ते पुढच्या आंबवण्यात जाते. त्यामुळे व्हर्जिनियाची साखर जशीच्या तशी सिगारमध्ये सापडणार नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

लटाकियाचा गंध पानाचा नसून प्रक्रियेचा आहे. ते पान आधी उन्हात वाळवून नंतर झुडपांच्या आणि लाकडांच्या धुरावर धरले जाते. पूर्वी हे काम सीरियात होत असे, आज बाजारात येणारी लटाकिया प्रामुख्याने सायप्रसची असते. आणि आपल्या काळ्या कॅव्हेंडिशमधील व्हॅनिला तर वरूनच घातलेला असतो. पानाला वाफ आणि दाब देऊन मऊ करतात आणि मग ते दिलेला गंध धरून ठेवते.

म्हणून आपल्याला यांपैकी नेमके काय हवे आहे, ते आधी ठरवा. पानाची स्वतःची गोडी प्रिय असेल तर सिगारच्या वरच्या पानाकडे, म्हणजे रॅपरकडे, लक्ष द्या. माझ्या मते व्हर्जिनियाप्रेमी माणसासाठी सर्वांत योग्य रॅपर कॅमेरूनचे आहे. हे मध्य आफ्रिकेतील पान पातळ असते, त्यावर बारीक दाणे दिसतात, आणि त्याच्या धुरात हलका गोडसर मसाला असतो. आर्तुरो फुएन्ते यांचा ८-५-८ कॅमेरून रॅपरमध्ये घ्या, किंवा डॉमिनिकन प्रजासत्ताकात बनणारा कॅमेरून रॅपरचा पार्तागास घ्या. दोन्ही आपण सांगितलेल्या खर्चाच्या आसपास बसतात.

खाडीकिनारी

मी सॅन होजेजवळ राहतो आणि पाइपकडूनच सिगारकडे आलो. जुनाटिन यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु सुगंधी सिगारांना त्यांनी एका वाक्यातही जागा दिली नाही, याचे मला वाईट वाटले. जो माणूस व्हॅनिलाची कॅव्हेंडिश आनंदाने ओढतो, त्याने सिगारच्या बाबतीतच एवढे सोवळे का पाळावे?

निकाराग्वातील एस्तेली येथे ड्र्यू इस्टेटचा कारखाना आहे. त्यांचे ॲसिड या नावाचे सिगार निरनिराळ्या वनस्पतींच्या आणि तेलांच्या गंधात मुरवलेले असतात, आणि टबॅक एस्पेसियाल या मालिकेला कॉफीचा गंध दिलेला असतो. सीएओ या नावाखालीही व्हॅनिला आणि चेरीच्या धाटणीचे सिगार मिळतात. आपल्याला हे ऐकून आनंद होईल की सीएओची सुरुवातच पाइपपासून झाली. तिचे संस्थापक जानो ओझगेनर हे इस्तंबूलहून आलेले अभियंते होते, आणि टेनेसीतील नॅशव्हिल येथे त्यांनी १९६८ साली मीरशॉम या पांढऱ्या, मऊ खनिजाच्या पाइपांनी व्यवसायाला आरंभ केला. सिगार पुष्कळ नंतर आले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. आमच्या कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ पासून सुगंधी तंबाखूच्या दुकानी विक्रीवर बंदी आहे, मात्र पाइपची सुटी तंबाखू आणि घाऊक किंमत किमान १२ डॉलर असलेले उंची सिगार तिच्यातून वगळलेले आहेत. त्यामुळे माझी चेरीची कॅव्हेंडिश मला शेजारच्या दुकानात मिळते, पण त्याच गंधाचा साधा सिगार मिळत नाही. मॅसॅच्युसेट्सने तर १ जून २०२० पासून याहून कडक नियम लावला आहे. आपल्याकडील स्थिती दुकानात विचारून घ्या.

जुनाटिन

खाडीकिनारी, माझा आक्षेप सोवळ्याचा नाही. पाइपमध्ये गंध तंबाखूत असतो आणि तो धुरातून येतो. अनेक सुगंधी सिगारांत मात्र तोंडात धरायच्या टोकालाच गोड लेप दिलेला असतो. ओठांना गोडी लागते आणि धूर तसाच कोरडा राहतो. ज्याला कॅव्हेंडिशची गोडी धुरात शोधायची आहे, त्याची यात निराशा होते. आपण सांगितलेल्या मुरवलेल्या सिगारांपैकी ज्यांच्या टोकाला लेप नाही, ते अवश्य घ्यावेत, एवढेच मी म्हणेन.

निपाणीचा

साखरेबद्दल जुनाटिन यांनी लिहिले ते बरोबर आहे. परंतु त्यावरून सिगारमध्ये गोडी जवळपास नसतेच असा जो अर्थ निघतो, तो मला मान्य नाही.

आमचे घर निपाणीच्या बाजूचे आणि माझे लहानपण तंबाखूच्या वखारींच्या वासात गेले. आमच्याकडची बिडीची तंबाखू उन्हात वाळवतात. सिगारच्या पानाशी तिचा थेट संबंध नाही. मात्र वाळवण्याची आणि मुरवण्याची रीत बदलली की पानाचा स्वभावच बदलतो, ही गोष्ट त्या भागात कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. म्हणून मी सिगारकडे पाहताना मुलूख नंतर पाहतो, पान कसे मुरवले ते आधी विचारतो.

माडुरो, म्हणजे गडद होईपर्यंत मुरवलेल्या रॅपरच्या, सिगारांचे उदाहरण घ्या. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोतील व्हेराक्रूझ राज्यातले सान आंद्रेसचे पान जाड असते आणि जास्त उष्णता सोसते. पानांचे मोठे ढीग रचतात, ओलाव्याने आणि स्वतःच्या वजनाने ढीग आतून तापतो, तापमान ठरलेल्या अंशावर पोचले की ढीग मोडून आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत अशी पुन्हा रचतात. हे काम महिनोन्‌महिने चालते. अमोनिया निघून जातो, रंग गडद होतो आणि कोको, कॉफी, काकवीसारखी एक खोल गोडी धुरात येते. ती साखरेची नसते, आंबण्याची असते.

आता पश्चिमवारा यांच्या आवडीकडे परत या. ते नुसती व्हर्जिनिया ओढत नाहीत, पेरिक घातलेली ओढतात. पेरिक लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात होते. तिथे पान लाकडी पिंपांत प्रचंड दाबाखाली जवळजवळ वर्षभर आपल्याच रसात आंबवतात. तिच्यातील अंजीर आणि आलुबुखार यांची आठवण देणारी चव पूर्णपणे आंबवण्यातून आलेली आहे. ज्या जिभेला ती चव आवडते, त्या जिभेला मवाळ कॅमेरूनपेक्षा चांगला मुरलेला माडुरो लवकर ओळखीचा वाटेल, असे माझे ठाम मत आहे. निकाराग्वात सिगार बनवणाऱ्या पाद्रोन यांच्या नेहमीच्या मालिकेतील एखादा लहान माडुरो घेऊन पाहावा.

जुनाटिन

निपाणीचा, पेरिकचा हा धागा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो अगदी योग्य आहे. तरीही नवख्याला पाद्रोनचा माडुरो पहिल्याच बैठकीत भारी पडेल, अशी मला काळजी वाटते. त्यांना निकाराग्वाचेच दोन सिगार कडवट लागले आहेत.

निपाणीचा

कडवटपणा पानामुळे आला की ओढण्याच्या वेगामुळे, हे त्यांनी सांगितलेले नाही. जाड सिगार भराभर ओढला तर कोणतेही पान कडूच लागेल.

अभ्यासू

निपाणीचा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि वेगाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पाइपवाल्या माणसाची एक चांगली सवय इथे उपयोगी पडते.

पाइप ओढणारा माणूस धूर अलगद घेतो. निखारा विझू न देता तंबाखू केवळ धुमसत ठेवणे ही त्याची कला असते. सिगारलाही हेच लागते. मिनिटाला एखादा झुरका पुरेसा आहे. त्याहून जास्त घेतल्यास निखारा तापतो, डांबरट पदार्थ टोकाकडे साचतात आणि शेवटचा तिसरा भाग कडू होतो. धूर फुफ्फुसात घ्यायचा नाही. तोंडात फिरवून थोडासा नाकावाटे सोडला तर रॅपरमधील गोडी आणि मसाला खऱ्या अर्थाने कळतो. पाइपवर हे जमत असेल तर सिगारवरही जमेल, मात्र सिगारचा धूर नाकात जास्त झोंबतो, म्हणून अगदी थोडा सोडावा.

निकोटिनबाबत सावध राहा. व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी असतो, तर हवेत वाळवून आंबवलेल्या सिगारच्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी धुरातील निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात शिरते. त्यामुळे व्हर्जिनियावर वर्षे काढलेल्या माणसालाही एका सिगारने घाम फुटू शकतो. पोटभर जेवल्यावरच ओढा, आणि जवळ काहीतरी गोड ठेवा.

आकाराबद्दल माझे म्हणणे असे. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. नेहमीचा रोबुस्टो पाच इंच लांब आणि ५० मापाचा, म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर जाड असतो. कोरोना ४२ मापाचा, म्हणजे १७ मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. सिगार जितका बारीक, तितका त्यात आतल्या भरणाच्या मानाने रॅपरचा वाटा मोठा. आपल्याला रॅपरचीच चव शोधायची असल्याने पेतित कोरोना, म्हणजे छोटा कोरोना, किंवा कोरोना घ्या. तो पाइपच्या एका भरणाइतकाच किंवा त्याहून थोडा जास्त वेळ चालतो, त्यामुळे बैठक ओळखीची वाटते.

खाडीकिनारी

या एका मुद्द्यावर मी वेगळे सांगेन. बारीक सिगार लवकर तापतो आणि नवख्याच्या हातात तो सांभाळणे कठीण असते. रोबुस्टो अधिक थंड जळतो आणि चूक पोटात घालतो.

अभ्यासू

सर्वसाधारण नवख्यासाठी आपले म्हणणे बरोबर आहे. पाइपवर संथ ओढायला शिकलेल्या माणसाला मात्र ही अडचण येत नाही, असे मी माझ्या बैठकीतील अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

पश्चिमवारा

सर्वांचे मनापासून आभार. वेगाबद्दल विचारले म्हणून सांगतो, की मित्राबरोबर गप्पांच्या ओघात मी नेहमीपेक्षा पुष्कळ जलद ओढत होतो. सिगार विझेल असे सतत वाटत होते. पाइप विझला तर पुन्हा पेटवतो, तसे सिगारचे करता येते का? आणि लटाकियाच्या धुराबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. धुरावर धरलेले पान सिगारमध्ये वापरतात का?

पोकाठ

मी मिलानमध्ये राहतो. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने एका शब्दाचे आहे, ते म्हणजे तोस्कानो.

हा इटलीचा सिगार कॅरिबियन सिगारांच्या घराण्यातला नाहीच. त्याचे पान केंटकी जातीचे असून ते लाकडाच्या आगीवर, धुरात वाळवलेले असते. हेच केंटकी पान पाइपच्या अनेक मिश्रणांतही घालतात, त्यामुळे आपल्या जिभेला ते कदाचित आधीपासून ठाऊक असेल. १८१५ साली फ्लॉरेन्समध्ये तंबाखूची पिंपे पावसात भिजली, उन्हात ठेवल्यावर ती आंबली, आणि फेकून देण्याऐवजी तिचे स्वस्त सिगार वळले गेले, अशी त्याच्या जन्माची कथा इथे सांगतात. आज तो तोस्कानातील लुक्का आणि नेपल्सच्या दक्षिणेकडील कावा दे तिर्रेनी येथे बनतो.

याची रचनाही वेगळी आहे. मधले बांधणीचे पान नसते. फक्त आतले भरण आणि बाहेरचे पान असते, आणि मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता असा तो दिसतो. बहुतेक लोक तो मधोमध कापून अर्धा अर्धा ओढतात. तो कोरडाच ओढायचा असतो, त्यामुळे ओलावा राखणाऱ्या पेटीची गरज नाही, आणि पाइपच्या तंबाखूप्रमाणे खिशात किंवा खणात ठेवता येतो. विझला तर निर्धास्त पुन्हा पेटवा, इथे सगळे तसेच करतात.

नवख्याने तोस्कानो गारिबाल्दीपासून सुरुवात करावी, तो इतरांपेक्षा सौम्य आहे. तोस्कानेल्लो म्हणजे आधीच अर्धा केलेला छोटा सिगार. त्यात कॉफीचा गंध दिलेलेही मिळतात. एक सूचना मात्र आवर्जून करतो. केंटकीचा धूर आणि लटाकियाचा धूर यांत फरक आहे. लटाकियात धुपाची आणि कातड्याची आठवण असते, तर केंटकीत ओक लाकडाचा, किंचित आंबूस आणि मिठाळ धूर असतो. लटाकियाची अपेक्षा ठेवून तोस्कानो पेटवला तर आपण त्याच्यावर अन्याय कराल.

खाडीकिनारी

पोकाठ यांच्या माहितीला जोड देतो. बनावट नेहमीच्या सिगारची, पण पान असे आगीवर वाळवलेले, असा सिगार अमेरिकेतल्या दुकानात हवा असेल तर ड्र्यू इस्टेटचा केंटकी फायर क्युर्ड पाहावा. त्यात आगीवर वाळवलेले केंटकी पान आहे आणि वरून कोणताही गंध दिलेला नाही. त्याच कंपनीच्या लारुतान (पूर्वीचे नाव नॅचरल) मालिकेत तर पाइपच्या मिश्रणांत येणारी पाने सिगारमध्ये वापरण्याचा प्रयत्न झालेला आहे. पश्चिमवारा, आपल्यासाठी ते कुतूहलाचे ठरेल.

अभ्यासू

याच संदर्भात डॉमिनिकन प्रजासत्ताकातील आंदुयोचा उल्लेख करायला हवा. तिथले शेतकरी पाने ताडाच्या जातीच्या झाडाच्या सालपटात गुंडाळून दोरखंडाने आवळतात आणि पुन्हा पुन्हा सोडून अधिकाधिक घट्ट करतात. शेवटी लाकडासारखी कडक, काळी कांडी तयार होते. ही तंबाखू परंपरेने पाइपमध्ये ओढली जाई आणि चघळलीही जाई. ला अरोरा या जुन्या कंपनीने आपल्या एडीएन डॉमिनिकानो या सिगारच्या भरणात ती वापरली आहे. दाबून आंबवलेल्या पानाची आवड असलेल्या, म्हणजे पेरिकवाल्या माणसासाठी माझी पहिली शिफारस हीच राहील. पाइप आणि सिगार यांचे नाते इथे जाहिरातीतले नाही, प्रत्यक्ष पानातले आहे.

दंतवैद्य

मी पुण्यात दंतवैद्यकाचा व्यवसाय करते. इथे सगळे प्रौढ आहेत आणि निवड ज्याची त्याची आहे, परंतु वरच्या चर्चेत फुफ्फुसात धूर घ्यायचा नाही हे वाक्य आले, आणि त्यामुळे सिगार निर्धोक आहे असा समज कोणाचा होऊ नये, म्हणून लिहिते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. धूर आत न घेता नियमित सिगार ओढणाऱ्यांनाही तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्यात स्पष्ट आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पूर्ण पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. अभ्यासू यांनी अल्कधर्मी धुराबद्दल लिहिले ते याच कारणाने महत्त्वाचे आहे, कारण निकोटिन तोंडातूनच शोषले जाते आणि सवय त्या वाटेनेही लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका पाइपलाही लागू आहे.

जिभेच्या कडेला, गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवून घ्या. नियमित ओढणाऱ्याने दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्यावे, एवढी विनंती.

जुनाटिन

आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. मी स्वतः सिगार महिन्यातून क्वचितच ओढतो, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तोच सल्ला देतो.

अंगणातून

मी ओढत नाही, परंतु माझे वडील पाइप ओढत आणि तो वास मला आजही प्रिय आहे. आमच्या घरी आता सिगारही आला आहे, म्हणून न ओढणाऱ्यांच्या बाजूने सांगते. पश्चिमवारा यांनी लिहिले आहे की त्यांच्या कॅव्हेंडिशचा वास पाहुण्यांना आवडतो. सिगारकडून ती अपेक्षा ठेवू नये. ओढणाऱ्याला गोड वाटणारा माडुरोही खोलीत दुसऱ्या दिवशी आंबट, जड वास सोडतो आणि तो पडद्यांतून लवकर जात नाही. सुगंधी सिगारांचा वास थोडा बरा असतो, एवढेच. सिगार बाहेर, मोकळ्या हवेत ओढला तर घरातील सगळेच सुखी राहतात.

शिवाजीपार्क

सिगार कसा ठेवावा याचा विषय अजून आलेला नाही आणि पाइपवाल्यांची गफलत बहुधा तिथेच होते. पाइपची तंबाखू हवाबंद बरणीत ठेवली की वर्षानुवर्षे बघावे लागत नाही, आणि थोडी सुकली तरी ओढता येते. सिगार सुकला तर त्याचे रॅपर तडकते आणि सुगंधी तेले उडून जातात. साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास तापमान त्याला लागते. सुरुवातीला महागडी पेटी घेऊ नका. झाकण घट्ट बसणारा अन्नाचा डबा आणि ६५ किंवा ६९ टक्क्यांचे आर्द्रता राखणारे पाकीट पुरेसे आहे.

मुंबईत अडचण उलटी आहे. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की उघडा ठेवलेला सिगार फुगतो, त्यातून धूर ओढणे कठीण होते आणि बुरशी येते. उष्णतेने तंबाखूतील बारीक किड्याची अंडी फुटतात आणि रॅपरला टाचणीएवढी भोके दिसू लागतात. म्हणून आम्ही डबा वातानुकूलित खोलीत ठेवतो.

गंधाच्या बाबतीत एक नियम कसोशीने पाळा. सुगंधी सिगार साध्या सिगारांच्या डब्यात कधीही ठेवू नयेत, आणि लटाकियाची उघडी तंबाखू तर सिगारांच्या जवळपासही नसावी. सिगार आजूबाजूचा वास ओढून घेतो आणि तो पुन्हा निघत नाही.

भारतात येताना सोबत आणणाऱ्यांसाठी सांगतो, की २०१६ च्या सामान नियमांनुसार १०० सिगारेटी, २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू यांपैकी एकाच गोष्टीला शुल्कमाफी होती. पाइपची तंबाखू आणि सिगार दोन्ही पूर्ण मापाने आणता येत नसत, आताचा नियम निघण्याआधी तपासून घ्या.

निपाणीचा

शिवाजीपार्क यांची सूचना महत्त्वाची आहे. वखारीतही गंधाच्या वस्तू तंबाखूपासून दूर ठेवायची शिस्त असे, ती याच कारणाने.

पश्चिमवारा

आपणा सर्वांच्या सल्ल्याने मी तीन सिगार घेतले आणि वेगवेगळ्या संध्याकाळी, जेवणानंतर, एकट्याने बसून सावकाश ओढले. निरीक्षणे लिहितो, म्हणजे माझ्यासारख्या पुढच्या वाचकाला उपयोग होईल.

कॅमेरून रॅपरचा ८-५-८ मला मनापासून आवडला. सुरुवातीला फक्त कोरडे लाकूड लागले, परंतु साधारण एक इंच जळल्यावर आणि धूर थोडा नाकावाटे सोडू लागल्यावर जायफळाच्या जवळ जाणारी गोडसर चव स्पष्ट झाली. ती व्हर्जिनियाची गोडी नव्हे, हे जुनाटिन यांचे म्हणणे मला आता पटले, आणि तशी अपेक्षा सोडल्यावरच मला या सिगारची स्वतःची चव कळू लागली.

दुसरा सान आंद्रेस पानाचा माडुरो होता, कोरोना आकाराचा. निपाणीचा, आपला पेरिकचा तर्क मला पूर्णपणे खरा वाटला. मधल्या टप्प्यात सुकलेल्या अंजिराची जी खोल चव आली, ती मी पाइपमध्ये पुष्कळदा घेतली आहे. शेवटच्या भागात तो मला जड झाला, म्हणून तिथेच ठेवून दिला.

तिसरा अर्धा तोस्कानो. पोकाठ यांनी आधीच सावध केले होते, त्यामुळे लटाकियाची आठवण मी मुद्दाम बाजूला ठेवली. धुराचा आंबूसपणा पहिल्या काही झुरक्यांत परका वाटला, नंतर मात्र हा सिगार मला सर्वांत जास्त पाइपसारखा वाटला, कारण तो विझला की घाई न करता पुन्हा पेटवता येत होता. सुगंधी सिगार अजून घेतलेला नाही. आंदुयोचा एडीएन इथल्या दुकानात मिळाला नाही, तो मागवला आहे.

आता एकच प्रश्न राहिला. उरलेला अर्धा तोस्कानो मी कॅमेरूनच्या डब्यात ठेवू का?

पोकाठ

मुळीच ठेवू नका. दमट डब्यात तोस्कानो मऊ पडेल आणि त्याचा धूर आठवडाभरात आपल्या कॅमेरूनला लागेल. तो कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवा.